अर्ध्या पानांचे मामा

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही आणि चौथीनंतर हातात पेन धरलं ते छायाला शिकवण्यापुरतंच. ओळ सुरू होते सरळ, पण शेवटाकडे खाली उतरत जाते. कधी कुणाच्या वाचण्यात हे आलंच तर त्यांनी सांभाळून घ्यावं. मला लिहायचं आहे ते वारंगा फाट्यावरच्या पुडीवाल्या मामांविषयी. ते असते तर म्हणाले असते, "अक्का, वाचता येऊन राहिलं ना, मंग झालं. सुंदर अक्षरात मी लई खोटं वाचलेलं हाय."

मामांना वाचायचं वेड होतं, पण कोणत्याही गोष्टीचा शेवट त्यांना माहीत नसायचा. त्यांचा धंदाच तसा होता. फाट्यावर ढाब्यांच्या रांगेच्या टोकाला त्यांचं रद्दीचं दुकान होतं. तीन बाजूंना पत्रा आणि मागे चुना फासलेली विटांची भिंत. रद्दी घ्यायची, पानं फाडायची, पुड्या वळायच्या आणि शेंगदाणेवाल्यांना, भजेवाल्यांना चळतीनं विकायच्या. वळायच्या आधी प्रत्येक पान ते वाचायचे. एका पानावर राजा शिकारीला निघालेला, दुसऱ्यावर कुणाची तरी फिर्याद, तिसऱ्यावर आंब्याच्या लोणच्याची कृती मिठापर्यंत. पुढचं पान मिळेलच असं नाही. मग शेवट ते स्वतः रचायचे आणि तोच खरा असं ठासून सांगायचे. मामी, म्हणजे त्यांची बायको, पुड्यांना खळ लावत बाजूलाच बसलेल्या असायच्या. त्या म्हणायच्या, "त्यायच्या गोष्टीत कुणी मरतच न्हाई. सगळे घरी जाऊन जेवतात."

वाचायला ते शिकले तेही पुड्यांवरच. लहानपणी शाळेत त्यांना दाराबाहेर पायरीवर बसवायचे. दुसरीत शाळा सुटली. मग किराणा दुकानातून गूळ-शेंगदाणे बांधून आलेला प्रत्येक कागद ते उलगडून ठेवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेक अक्षर विचारायचे. "माझी शाळा खाऊन झाल्यावर भरायची," असं म्हणायचे.

माझी त्यांची ओळख छायामुळे झाली. छाया माझी थोरली. तिला फिट यायची. दुसरीत असताना वर्गात एकदा आली, मग पुन्हा आली. बाकीची लेकरं घाबरली. गुरुजी वाईट नव्हते, पण तेही घाबरले. यांना बोलावून म्हणाले, "पोरीला घरीच ठेवा. पडली-झडली तर जबाबदारी कुणाची? नाव पटावर राहू देतो, वार्षिक परीक्षेला तेवढी आणून बसवा." हे घरी येऊन खाली मान घालून बसले. सासूबाई म्हणाल्या, "पोरीची जात. लिहून कुठं मामलेदार व्हायची." मी काही बोलले नाही. मला बोलता येत नाही, आजही येत नाही. पण चौथीतून मला काढलं तेव्हाही घरात कुणी काही बोललं नव्हतं, हे मला आठवत होतं.

दर महिन्याला छायाच्या गोळ्या आणायला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात जावं लागायचं. फाट्यावर गाडी बदलायची. गाडी मिळेपर्यंत तास-दोन तास जायचे आणि सावली होती ती मामांच्या दुकानापुढच्या कडुलिंबाचीच. पहिल्या वेळी ऊन फार होतं, छायाला तहान लागली. मामांनी माठातलं पाणी दिलं. मीही प्यायले. ही गोष्ट मी घरी बरेच दिवस सांगितली नाही. आता ते लिहायची लाज वाटते, म्हणूनच लिहून ठेवते.

छाया रद्दीच्या ढिगात बसून चित्रं बघायला लागली. मामांनी विचारलं, "कितवीत हाय?"

"शाळेत न्हाई जात," मी म्हणाले.

"काहून?"

मी सांगितलं. ते पुडी वळता वळता थांबले. म्हणाले, "मंग तुमी शिकवा."

"मी चौथी शिकलेली मामा. मला काय येतं?"

"चौथीपर्यंत तर येतं. पोरगी दुसरीत हाय. दोन वर्षं निघाली. तवर बघू."

मामांना एक सवय होती. ज्या माणसाला जे पान लागतं असं वाटे, ते पान ते काढून ठेवायचे. घर सोडून आलेला ट्रकवाला दिसला की त्याच्या भज्यांच्या खाली आईच्या गोष्टीचं पान. दारू पिणाऱ्याला सापडायची ती लिव्हरची माहिती. त्यानं वाचलं का नाही हे विचारायचे नाहीत. "आपण पुडी द्यायची. उलगडायची का न्हाई ते त्याचं त्यानं पाहावं." माझ्यासाठी ते लेकरांच्या शिक्षणाविषयीची पानं ठेवू लागले. त्याच सुमारास कुठलं तरी मास्तर तयार करायचं विद्यालय बंद पडलं होतं आणि तिथली पुस्तकं पोत्यांनी त्यांच्याकडे आली होती. पुठ्ठे निघालेले, नाव नाही, लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. त्यातली दोन-तीन पानं ते दर महिन्याला घडी घालून माझ्या पिशवीत टाकायचे.

मी ती दुपारी उंबऱ्यात बसून वाचायची, ओळीवर बोट ठेवून. एका पानाला दोन दिवस लागायचे. काही शब्द समजायचे नाहीत, ते सोडून द्यायचे. पण एका पानावर असं होतं की लेकराला आकडा आधी हाताला लागू द्यावा, मग डोळ्याला. मी तुरीचे दाणे घेतले. छाया तुरीवर बेरीज शिकली, वजाबाकीला आम्ही खिचडी करायचो. दुसऱ्या एका पानावर होतं की लेकरानं प्रश्न विचारला की आईनं लगेच उत्तर देऊ नये, "तुला काय वाटतं" असं विचारावं. हे मला फार सोयीचं पडलं, कारण मला उत्तर येतच नसायचं. वारंग्याला गाडीची वाट बघताना ती एसटीच्या पाट्या वाचायची. हिंगोली, औंढा, नांदेड. अनुस्वार ती नांदेडच्या रस्त्यावरच शिकली.

त्या दिवसांत मी सुखी होते. मला पहिल्यांदा असं वाटलं की कुणीतरी शहाणं माणूस माझ्याशी बोलतंय, दम न देता.

मग ती गोष्ट झाली. छाया आठ वर्षांची होती. गोळ्यांनी तिला सुस्ती यायची, चिडचिड व्हायची. पाढे म्हण म्हटलं की पाटी फेकायची. मामांनी त्या महिन्यात दिलेल्या पानाच्या शेवटच्या ओळी मला अजून पाठ आहेत. हट्टी मुलाला थोडा वेळ खोलीत एकटे ठेवावे, मूल आपोआप शांत होते व अभ्यासाला... इथं पान संपत होतं. मी "अभ्यासाला बसते" असं मनानंच पुरं केलं. पुस्तकात लिहिलंय म्हणजे खरंच असणार. मी तिला धान्याच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली.

ती थोडा वेळ रडली. मग गप्प झाली. मला बरं वाटलं. मी भाकरी थापत राहिले आणि मनात म्हटलं, बराबर लिहिलंय. तवा उतरवून कडी काढली तर ती जात्याशेजारी पडलेली होती, कपाळ फुटलेलं. फिट येऊन गेली होती. कधी आली ते मला कळलं नाही.

चार टाके पडले. मी पुस्तकांची सगळी पानं गुंडाळून माळ्यावर फेकली. पाटीही ठेवून दिली. पुढच्या महिन्यात फाट्यावर उतरले तेव्हा मी दुकानाकडे गेले नाही, रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभी राहिले. मामाच आले. छायाचं कपाळ पाहिलं.

"काय झालं?"

छायानंच सांगितलं. "मायनं कोंडलं व्हतं. तुमच्या कागदात लिहिलेलं व्हतं."

मामा तसेच वळले. परत जाऊन दुकानात बसले. आमची गाडी निघेपर्यंत त्यांनी एकही पुडी वळली नाही.

नंतर मामींनी मला सांगितलं ते असं. दुसऱ्या दिवसापासून मामा फाट्यावरच्या एकेका गाड्यावर फिरले. प्रत्येकाला नव्या पुड्या द्यायचे आणि जुन्या चळती परत मागायचे. घरी आणून एकेक पुडी उलगडायची, दिलेल्या पानाच्या पुढचा आकडा शोधायचा. लोक हसायचे. भजेवाला म्हणाला, "मामा, पुडीत सोनं गेलं का काय?" ते म्हणाले, "एका लेकराचं कपाळ गेलं." चार दिवस धंदा बंद. शेवटी एका शेंगदाणेवाल्याच्या टोपलीत, चळतीच्या अगदी तळाला, तेलकट झालेलं ते पुढचं पान सापडलं.

ते घेऊन ते आमच्या गावी आले. आमच्या घरी ते तेवढे एकदाच आले. ओट्यावर बसले. हेही घरी होते. सासूबाई दारात उभ्या. मामांनी पान मांडीवर सरळ केलं आणि मोठ्यानं वाचलं. बसते, असे पुष्कळ पालक समजतात. पण असे मूल अभ्यासाला बसत नाही, ते भीतीला बसते. त्याला कधीही एकटे कोंडू नये. त्याच्याजवळ बसावे.

मग म्हणाले, "अक्का, तुमची चूक न्हाई. मी अर्धं पान पुऱ्या माणसाच्या हातात दिलं. शेवट ठाव नसला तर गोष्ट चालते, शिकवण चालत न्हाई. एवढं माझ्या ध्यानात यायला पायजे व्हतं." छायाला जवळ घेऊन म्हणाले, "बाई, मामा चुकला." आठ वर्षांच्या पोरीची माफी मागणारा म्हातारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

सासूबाई आत गेल्या आणि चहा करून घेऊन आल्या. आमच्या घरच्या कपात. कपाला कान होता आणि तो नंतर बाकीच्या कपांतच ठेवला गेला. मी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून पाटी काढली.

त्यानंतर मामांनी मला कधी सुटं पान दिलं नाही. शिक्षणाच्या पुस्तकांची उरलेली दोन पोती त्यांनी फाडायचीच बंद केली. पुस्तक अख्खं द्यायचे. मी म्हटलं, "फुकट नको मामा, घरी विचारतील." त्यांनी थोडा विचार केला, पुस्तक काट्यावर टाकलं आणि मागच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं, छायाची माय, पाऊण किलो.

"पैसे नगं. किलोला किलो. पुस्तक तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. त्याच्या वजनाएवढ्या छायाच्या भरलेल्या वह्या मला रद्दीत आणून द्या. कोरं पान चालणार न्हाई. दुसऱ्याच्या हातचं चालणार न्हाई. लिहून लिहून वही भरली की मंगच आणायची."

"याला वर्षं लागतील."

"मला काय घाई हाय? रद्दी नासत न्हाई."

असा आमचा व्यवहार सुरू झाला. पुस्तकं वाढत गेली तसा भिंतीवरचा आकडा वाढत गेला. अख्खी पुस्तकं वाचणं मला जड जायचं. एकेकाला चार-पाच महिने लागायचे. काही माणसं एकमेकांच्या उलट लिहायची. एक म्हणायचा पाठांतर हवंच, दुसरा म्हणायचा पाठांतर म्हणजे लेकराला पोपट करणं. मी गोंधळून मामांना विचारलं तर ते म्हणाले, "दोघांनाबी छाया ठाव न्हाई. तुमाला ठाव हाय." हे वाक्य मी अनेकदा मनात म्हटलं आहे.

मामांची अर्धी पानं मात्र वाया गेली नाहीत. गोष्टींची सुटी पानं ते छायाला द्यायचे. "मला शेवट न्हाई सापडला. तू कर." ती घरी येऊन वहीत शेवट लिहायची आणि पुढच्या महिन्यात त्यांना वाचून दाखवायची. मामा पुड्या वळत ऐकायचे. तिच्या गोष्टीत पुष्कळ लोक मरायचे. मामा कळवळून म्हणायचे, "अगं, एखाद्याला तर ऱ्हाऊ दे जितं." मामी म्हणायच्या, "पोरगी खरं लिहून राहिली, तुमच्यासारखं न्हाई." तिचं मराठी त्या शेवटांनीच घडलं. कुठल्या पुस्तकात ही युक्ती मला सापडली नाही.

चौथीची परीक्षा देऊन पटावरून नाव उतरलं. पुढचं मला येत नव्हतं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "आता तुमी पुढं चालू नगा. दोघी संगं चाला." मग मीही तिच्याबरोबर पाचवी शिकले, सहावी शिकले. गणितात ती मला सोडून पुढे गेली. एक दिवस ती म्हणाली, "माय, तुला कळेपर्यंत थांबते." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे मामांनी रद्दीतल्या एका वर्तमानपत्रात वाचलं. तारखेचा भाग फाटलेला नाही ना, हे त्यांनी तीनदा पाहिलं. पण हे तयार होत नव्हते. पैशाचं नव्हतं, भीतीचं होतं. "परक्या गावात, परक्या लोकांत पडली तर? सगळ्यांसमोर?" फिट तेव्हा कमी झाली होती, वर्षात एखादी. पण बापाच्या मनातली गेली नव्हती. शेवटच्या आठवड्यात मी एकटीच फाट्यावर गेले आणि मामांना सांगितलं की राहू द्या.

मामा म्हणाले, "उद्या छायाला घेऊन या," आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाला फळी लावली. मला आणि छायाला घेऊन कळमनुरीला गेले, फॉर्म भरला आणि फी खिशातून भरली. घरी येऊन मी यांना सांगितलं. मी न विचारता केलेली ती पहिली गोष्ट. हे ओट्यावर जाऊन बसले. मग म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी तू बाहेर बसशील ना?" मी म्हटलं, "बसेन." "मग ठीक."

फीचं मामांनी रद्दीच्या भावानं वजन केलं आणि भिंतीवर वाढवलं. आकडा जवळजवळ दुप्पट झाला. "एवढं लिहायला तिला बारावीपर्यंत शिकावं लागंल," ते समाधानानं म्हणाले.

परीक्षेच्या प्रत्येक दिवशी आम्ही दोघं, मी आणि मामा, शाळेच्या भिंतीबाहेर बसायचो. सासूबाईंनी माझ्या पिशवीत फिट आलीच तर हुंगवायला कांदा दिलेला असायचा. मामा घंटा होईपर्यंत बोलायचे नाहीत. शेवटच्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा त्यांनी कांदा मागितला, हातानं फोडला आणि भाकरीबरोबर खाल्ला.

गणित राहिलं. ऑक्टोबरला निघालं. मार्क सांगण्यासारखे नव्हते आणि मामांनी विचारलेही नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "वह्या कुठं हायत?"

खरं सांगायचं तर मला त्या द्यायच्या नव्हत्या. नऊ वर्षांच्या वह्या मी लुगड्यात बांधून पेटीत ठेवल्या होत्या. पण शब्द दिलेला होता. दोन गाठोडी घेऊन आम्ही गेलो. मामांनी एकेक वही काट्यावर टाकली. कोरी पानं फाडून बाजूला काढली. आकडा झाला आणि तीन किलो कमी पडले. मी म्हटलं, "तेवढे पैसे देते." त्यांनी मान हलवली. भिंतीवरचा जुना आकडा पुसून नवा लिहिला, छायाची माय, तीन किलो.

"पोरगी अजून शिकून राहिली ना. येतील."

त्या वह्यांचं ते काय करणार हे मला ठाऊक होतं, तरी मनाशी वाटत होतं की ठेवून देतील. ठेवल्या नाहीत. महिनाभरानं फाट्यावर शेंगदाणे घेतले तर पुडीवर छायाचं अक्षर. दाणे ओच्यात ओतून मी पुडी उलगडली. भागाकार होता. वरची संख्या, खालचा भाग, उत्तर आणि बाकी, सगळं होतं. कुठे तुटलं नव्हतं. मी आणखी एक पुडी घेतली. तिच्यावर कुठल्याशा गोष्टीचा शेवट होता, पहिल्या शब्दापासून पूर्णविरामापर्यंत. कागद वाकडा कापलेला होता, एकीकडे रुंद, एकीकडे अरुंद, कारण तो लिखाणाच्या कडेकडेनं कापला होता. मी वळून दुकानाकडे पाहिलं. मामा खाली मान घालून कात्री चालवत होते.

त्या सुगीत फाट्यावरून जाणाऱ्या किती माणसांच्या हातात माझ्या लेकीचा अभ्यास गेला असेल, कोण जाणे.

मामा गेले तेव्हा छाया बारावीला होती. कागदाच्या धुळीनं त्यांना दमा लागला होता. मला चार दिवसांनी कळलं. मी फाट्यावर पोचले तेव्हा दुकानाला फळी होती. मी कडुलिंबाखाली उभी राहून परत आले.

छायानं बारावी करून अंगणवाडीत काम धरलं. पुढं तिच्या अकरावी-बारावीच्या वह्या मी बांधल्या आणि फाट्यावर गेले. मामींनी दुकान पुन्हा उघडलं होतं. भिंतीला नवा चुना दिला होता, पण तेवढी एक जागा सोडून. तिथं कोळशाचं अक्षर तसंच होतं.

मामींनी मला बसायला सांगितलं नाही, रडल्याही नाहीत. आधी वह्या घेतल्या. एकेक चाळून कोरी पानं काढली, मामा काढायचे तशीच. काट्यावर टाकल्या. पारडं थोडं वर राहिलं. त्यांनी शेवटची वही ठेवली आणि काटा मधोमध येईपर्यंत बोट लावलं नाही.

"बराबर," त्या म्हणाल्या.

मग माठात हात बुडवला आणि ओल्या तळव्यानं भिंत पुसली. दोनदा पुसावी लागली. "फिटलं छायाच्या माय," असं म्हणून त्यांनी पहिली वही मांडीवर घेतली, लिखाण कुठे संपतं ते बघितलं आणि मग कात्री उचलली.